न परवडणारी किळस

“यापूर्वी कधी घेतलाय?”

हा प्रश्न नोएली हॅडली रोज विचारायची. लुइझियानाचा नियमच होता तसा. गांजाचं औषध पहिल्यांदा न्यायला आलेल्या माणसाला फार्मासिस्टने स्वतः आतल्या खोलीत घ्यायचं, दार लावायचं, ठरलेले प्रश्न विचारायचे आणि मगच बाटली हातात द्यायची. लोक उत्तरं देत ती आपापल्या स्वभावाप्रमाणे. चर्चमधल्या म्हाताऱ्या बायका छातीवर हात ठेवून ‘नाही गं बाई’ म्हणत, आणि वर तिच्याकडेच संशयाने बघत. युद्धावरून आलेले म्हातारे खिडकी शोधत, आणि त्या खोलीला खिडकी नव्हती. मिस्टर क्लेबर्न टिडवेल हसले.

“कॉलेजात असताना,” ते म्हणाले. “तेव्हा कोण ओढत नव्हतं?”

हसताना त्यांचा खालचा ओठ थोडा बाहेर आला, ओला, गुलाबी, आणि त्यावरून पुदिन्यासारख्या पण पुदिना नसलेल्या, तोंडात धरलेल्या कसल्याशा हिरव्या गोळीचा वास टेबलावरून सरकत नोएलीपर्यंत आला. तिने पडद्यावर ‘होय’ला बोट लावलं. पुढचा प्रश्न आला. हृदयाचा काही त्रास? तिने तोही विचारला. आवाज नेहमीसारखाच निघाला. फक्त बेंबीच्या वर कुठेतरी काहीतरी उलटं फिरलं, शिळ्या दुधाचा चहा घशाखाली उतरल्यावर मग कळतं तसं, आणि ते परत जागेवर जाईना.

खरं तर ती तयारीत बसली होती. सकाळीच यादीत नाव दिसलं होतं. क्लेबर्न टिडवेल. असं नाव या शहरात दुसरं कुणाचं असणार? तेव्हा तिने स्वतःला तपासलं होतं, दात दुखतोय का हे जिभेने चाचपावं तसं. राग? नाही. भीती? छे. सव्वीस वर्षं होऊन गेली. तो माणूस आता म्हातारा असेल, आजारी असेल, म्हणून तर येतोय. आपण फार्मासिस्ट. आपल्या आडनावावरून त्याला काही कळायचं नाही, कारण हॅडली हा टेक्ससचा एक माणूस होता, लग्न होतं तेवढे दिवस होता, आणि जाताना आडनाव तेवढं ठेवून गेला. तर सगळं ठीक. असं तिने ठरवलं होतं. आणि टिडवेलसाहेब आत आले तेव्हा खरंच सगळं ठीकच होतं. हात थरथरत होते, खांदे उतरले होते, इस्त्रीच्या सदऱ्याच्या कॉलरमध्ये मान सैल बसली होती. तिला जवळजवळ दया आली. हे तयारीत धरलं होतं. त्यांनी ओळखलं तर काय बोलायचं, तेही धरलं होतं. हसणं तेवढं धरलं नव्हतं.

“रात्री झोप म्हणून नाही बघा,” ते सांगत होते. “हात असे उडतात की बायको दुसऱ्या खोलीत झोपते. डॉक्टर म्हणाला हे घेऊन बघा. मी म्हटलं, बाबा रे, आयुष्यभर ज्याच्या पाठीमागे लागलो तेच आता मला देतोस!” पुन्हा हसले. “पण तुम्हाला एक सांगू का, मिस नोएली? हा तुमचा कारभार काही मला पसंत नाही. बाहेर एक दार, ते बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. वर कॅमेरा. तो दारातला गडी माझं लायसन्स असं उलटंपालटं करून बघतो. सज्जन माणसाला चोरासारखं वागवायचं म्हणजे काय? कोण करतं हे नियम?”

“राज्य करतं, साहेब.”

“राज्य!” त्यांनी दोन बोटांनी टेबलावर टकटक केली.

ती टकटक. बोलायच्या आधी दोन बोटं लाकडावर मारायची आणि मग क्षणभर थांबायचं, म्हणजे सगळ्यांची डोकी वर होतात. सव्वीस वर्षांपूर्वी न्यायालयाच्या खोलीत पंखे होते आणि ते असून नसल्यासारखे होते, ऑगस्ट होता. नोएली मागच्या बाकावर आईच्या शेजारी बसली होती, फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाचं पुस्तक मांडीवर पालथं घालून, कारण येताना बसमध्ये वाचता येईल असं वाटलं होतं. पुढे तिच्या भावाची, विल्फ्रेडची, मान दिसत होती. आईने आदल्या दिवशी त्याचे केस कापायला न्हावी पाठवायची परवानगी मागितली होती आणि ती मिळाली नव्हती. सरकारी वकील टिडवेल तेव्हा चाळिशीचे, देखणे होते. त्यांनी प्लास्टिकची एक पिशवी उचलून धरली. तिच्यात दोन सिगारेटींपुरता पाला होता. विल्फ्रेडच्या नावावर त्याआधी तरुणपणातले दोन किरकोळ गुन्हे होते, त्यातलाही एक असाच पाल्याचा, आणि तिथल्या कायद्यात जुने गुन्हे मोजून शिक्षा वाढते. दोन बोटांची टकटक झाली. “या माणसाला,” टिडवेल म्हणाले, “कायद्याची चाड नाही. आज दोन सिगारेटी, उद्या तुमच्या-माझ्या मुलांच्या शाळेबाहेर.” त्यांनी पिशवी हलवली आणि नाक किंचित वर ओढलं. घाण उचलावी तसं तिला दोन बोटांत धरलं होतं. किळस आल्याचा तो चेहरा नोएलीने पाहिला होता. निकाल द्यायला बसलेल्या ज्युरीतल्या एका बाईनेही तसाच चेहरा केला होता, लगेच, त्यांचं बघून. तीस वर्षं सक्तमजुरी. आईला आधी ‘तीन’ ऐकू आलं. ती बाहेर पायऱ्यांवर उभी राहून म्हणत होती, तीन वर्षं काय, हां हां म्हणता जातील, आणि नोएलीला तिला सांगावं लागलं.

“जिभेखाली,” नोएली टिडवेलना सांगत होती. “गिळायचं नाही लगेच. पहिले काही दिवस अगदी थोडं. रात्री जेवल्यावर. त्यावर व्हिस्की नको.”

“हे मात्र कठीण आहे!” टिडवेल म्हणाले, आणि उठताना त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. तो हात थंड, ओलसर होता, आणि तिच्या हातावर आपोआप उडत होता, पिशवीत घातलेल्या माशासारखा. “फार गोड बोलतेस, पोरी. देव तुझं भलं करो.”

“तुमचंही, साहेब,” नोएली म्हणाली.

मग ती हात धुवायला गेली. गरम पाणी, साबण, कोपरापर्यंत. पाणी वाहत असताना तिला कळलं की किळस त्या हाताची नव्हती. हात काय, आजाऱ्याचे हात ती रोज हातात घ्यायची. किळस होती ती ‘तुमचंही, साहेब’ची. किती सहज निघालं ते. आईने शिकवलेलं, आईला तिच्या आईने शिकवलेलं, गोरा माणूस बरं बोलला की त्याहून बरं बोलायचं. ते जिभेखालीच ठेवलेलं असतं, कधीही तयार. तिने चूळ भरली. पुन्हा भरली.

त्याच दुपारी राज्याच्या औषध मंडळाकडून तपासनीस यायची होती. मिस हटो. जाडजूड, दमेकरी, वागायला चांगली बाई. मागच्या खोलीत एक पेटी बाजूला काढून ठेवली होती. त्या पेटीतल्या बाटल्यांच्या चिठ्ठीवर धोक्याच्या सूचनेची एक ओळ छापायची राहिली होती. बनवणाऱ्याची चूक. औषधात काही वाईट नव्हतं. त्याच तेलाची, त्याच घाण्यातली दुसरी पेटी नीट चिठ्ठी लावून कपाटात उभी होती. नोएलीने नवी चिठ्ठी चिकटवायची परवानगी मागून पाहिली होती. उत्तर आलं, नियमात तशी तरतूद नाही. नियमात तरतूद होती ती नाश करण्याची: तपासनिसाच्या देखत, कॅमेऱ्यासमोर, परत वापरता येणार नाही अशा रीतीने. म्हणजे बादलीत मांजरांच्या शौचाची वाळू घ्यायची, तिच्यात तेल ओतायचं आणि ढवळायचं.

नोएलीने एकेक बाटली उघडली आणि ओतली. वाळूला गुलाबाचं कसलंसं अत्तर लावलेलं होतं. तेल पिवळट हिरवं. दोन्ही मिळून जे झालं ते कुणाच्या तरी पोटातून आल्यासारखं दिसत होतं, आणि वास तर असा की डोळे झाकले तर एखाद्या म्हातारीच्या खोलीत मांजर मेलंय असं वाटावं. मिस हटो खुर्चीवर बसून रुमालाने वारा घेत होती.

“माझ्याकडे असं बघू नका, मिस नोएली. कायदा मी नाही केला. मी नुसती बघते.”

“गेल्या आठवड्यात एका बाईला परत पाठवलं मी,” नोएली ढवळत म्हणाली. “हेच औषध संपलं होतं. मुलाला झटके येतात तिच्या. तीन तास गाडी चालवून आली होती.”

“मग आता आलंय ना दुसरं?”

“आता आलंय.”

“मग झालं तर.” मिस हटोने बादलीत डोकावून बघितलं आणि तोंड फिरवलं. “ई! अजून ढवळा. वर तरंगतंय थोडं.”

नोएलीने ढवळलं. एकदा तिच्या मनात येऊन गेलं की एक बाटली... पण वर कॅमेऱ्याचा लाल दिवा होता, आणि कॅमेरा नसता तरी उपयोग नव्हता. ज्याच्यासाठी घ्यायची त्यानेच ती घेतली नसती.

विल्फ्रेडला आता हेच औषध हवं होतं, पण घ्यायची सोय नव्हती. एकोणीस वर्षांनी, उरलेली वर्षं बाहेर अटींवर काढायच्या बोलीवर, पॅरोलवर सुटला तेव्हा तो तुरुंगाच्या शेतात भेंडी तोडून तोडून वाकलेला होता, पण तसा धडधाकट. मागच्या हिवाळ्यात काखेत गाठी आल्या. कर्करोग. डॉक्टर म्हणाले बरा होण्यातला आहे, औषध सोसलं तर. पण ते सोसत नव्हतं. शिरेतून औषध गेलं की पुढचे कित्येक दिवस पाणीसुद्धा ठरत नसे. ओकारीच्या सगळ्या गोळ्या नोएलीने स्वतः निवडून दिल्या होत्या आणि सगळ्या त्याने ओकून टाकल्या होत्या. डॉक्टरने गांजाची शिफारस लिहून दिली. राज्याच्या कायद्याने ती पुरेशी होती. पण पॅरोल अधिकारी क्रेन याच्या लेखी नव्हती. नोएली त्याच्या कचेरीत गेली होती, स्वच्छ कपडे घालून, कायद्याचं कलम पाठ करून. क्रेन तरुण होता, तोंडात काडी धरून बोलायचा. “मॅडम, डॉक्टरचा कागद डॉक्टरच्या जागी. माझ्याकडच्या अटींत लिहिलंय, अंमली पदार्थ नाही म्हणजे नाही. लघवीत सापडलं तर परत आत. उरलेली सगळी शिक्षा.” “पण कायद्याने ते औषध आहे.” “तुमच्या दुकानात औषध आहे,” क्रेन म्हणाला. “माझ्या तपासणीच्या कपात नाही.” आणि आपल्याच विनोदावर खूश होऊन काडी या गालातून त्या गालात नेली. नोएलीने वरच्या साहेबांकडे अर्ज केला होता. त्याचं उत्तर आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ती विल्फ्रेडकडे गेली तेव्हा तो न्हाणीघराच्या जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता. पुढे प्लास्टिकचं घमेलं. तिने ते उचललं, ओतलं, धुतलं, परत ठेवलं. त्याचं तोंड ओल्या फडक्याने पुसलं. दाढीत अडकलेला चिकटा नखाने काढला. तिला काहीच वाटलं नाही. उलट दिवसभरात पहिल्यांदा पोट जागेवर आल्यासारखं वाटलं. हे विचित्र होतं, आणि ती त्याचा विचार करत तिथेच जमिनीवर बसली. भावाची ओकारी स्वच्छ होती. आतून येत होती, खरी होती, ओकल्यावर तो ‘देवा’ म्हणायचा आणि गप्प व्हायचा. आणि तो इस्त्रीचा सदरा, ती हिरवी गोळी, ते ‘कोण ओढत नव्हतं’ हे आठवलं की घशाशी येत होतं. सगळे ओढत होते. कॉलेजच्या हिरवळीवर, मोठ्या झाडांखाली, गिटार वाजवत. आणि त्यांच्यातला एक उठून, सूट घालून, नाक वर ओढून, पिशवी दोन बोटांत धरून उभा राहिला. तेव्हा त्याला स्वतःचं हसू आलं नसेल? की खरंच विसरला होता? तिला वाटत होतं की खोटारडेपणा असता तर बरं होतं. खोटारड्याला निदान खरं काय ते माहीत असतं.

“आज टिडवेल आला होता,” तिने सांगून टाकलं.

विल्फ्रेडने डोळे उघडले. “कोण टिडवेल? तो?”

“तोच. गिऱ्हाईक म्हणून.”

“काय झालंय त्याला?”

“हात उडतात. झोप नाही.”

विल्फ्रेडने घमेलं थोडं जवळ ओढलं. मग म्हणाला, “वाईट.”

“वाईट?” नोएलीचा आवाज चढला. “फ्रे, तो हसला. कॉलेजात ओढत होतो म्हणून सांगितलं मला, आणि हसला!”

“मग काय रडेल?” विल्फ्रेड म्हणाला. “तुझं काम प्रश्न विचारायचं आहे, नो. विचारलास. झालं.” आणि तो घमेल्यावर ओणवा झाला.

टिडवेल पुन्हा आले ते पानगळ सुरू झाल्यावर. औषध लागू पडलं होतं. चेहऱ्यावर तुकतुकी आली होती. हात उडत होते पण आता ते त्यांना छळत नव्हते. दारातच त्यांनी नोएलीला नावाने हाक मारली, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, आणि बायकोने घरी केलेल्या अंजिरांच्या मुरांब्याची बरणी तिच्या पुढ्यात ठेवली. “झोपतो मी! लहान मुलासारखा झोपतो! मिस नोएली, तुम्ही मला माझं आयुष्य परत दिलंत. काही लागलं तर मला सांगायचं. काहीही. या जिल्ह्यात अजून चार माणसं माझा फोन उचलतात.”

ते गेल्यावर नोएलीने बरणी उचलली. काचेत अंजिरं चेंगरून बसली होती, आतली दाणेदार लाली बाहेर आलेली. तिने ती मागच्या खोलीतल्या कचऱ्यात टाकली, आणि त्या रविवारी विल्फ्रेडकडे गेल्यावर सांगितलं, विजय मिळवल्यासारखं. मुरांबा टाकला. काहीही लागलं तर सांगा म्हणे. फोन उचलतात म्हणे चार माणसं.

विल्फ्रेड अंथरुणात होता. त्या महिन्यात तो इतका उतरला होता की चादरीखाली कुणी आहे की नाही असं वाटे. डॉक्टरने शिरेतल्या औषधाची पुढची फेरी थांबवली होती. वजन वाढल्याशिवाय देता येणार नाही म्हणाला.

“काहीही म्हणाला?” विल्फ्रेडने विचारलं. “काहीही सांग म्हणाला?”

“हो. म्हणजे काय?”

“मग सांग त्याला.”

तिला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ती उठून उभी राहिली. “त्याच्याकडे? मी? त्या माणसापुढे हात पसरू? फ्रे, तुला काही वाटतं का?”

“वाटतं ना. ओकारी येते.”

“मला त्याची किळस येते! त्याच्या हाताला हात लागला की मी कोपरापर्यंत धुते. आई गेली तेव्हा तू आत होतास. तुला सोडलं नाही अंत्यविधीला. आणि मी त्यालाच...”

“नो,” विल्फ्रेड म्हणाला. आवाज अगदी हळू होता. मोठ्याने बोलायला त्याच्यात जोर नव्हता. “तू किळस कर. तुझ्याकडे वेळ आहे, पोटात जेवण आहे. मला नाही परवडत ती. एकोणीस वर्षं ज्यांच्याबरोबर झोपलो, जेवलो, ज्यांचा संडास धुतला, त्यांची किळस करत बसलो असतो तर मेलो असतो केव्हाच. मला पुढची फेरी हवी आहे. मला जगायचंय गं. तू त्याला विचार.”

नोएली स्वयंपाकघरात गेली आणि उगाच ओटा पुसत राहिली. ओटा स्वच्छ होता. तिला भावाचा राग आला होता, आणि त्या रागाचीही शिसारी. इतकी वर्षं तिने काहीतरी जपलं होतं, भावासाठी जपलं होतं असंच ती समजत होती: ती न्यायालयातली टकटक, ते नाक वर ओढणं. आणि तो म्हणत होता, मला नको, तूच ठेव. मग हे कुणासाठी जपलं? आईच्या जागी आपणच राहिलो पायऱ्यांवर, आणि भाऊ केव्हाच उठून भेंडी तोडायला गेला.

तिने विचारलं. पुढच्या खेपेला टिडवेल आले तेव्हा त्याच खिडकी नसलेल्या खोलीत, दार लावून. शब्द तिने घोकले होते तरी ते तोंडातून बाहेर पडताना दाताला लागले.

“भाऊ?” टिडवेल म्हणाले. “अरेरे. काय केलं होतं त्याने?”

“गांजा, साहेब. थोडासा होता.”

टिडवेलनी मान हलवली, वाईट वाटून, मनापासून. तीच गोष्ट सगळ्यात असह्य होती, ती मनापासून होती. “काय दिवस होते ते!” ते म्हणाले. “फार कडक होते तेव्हा लोक.”

लोक. पूर येऊन गेल्यावर पुराबद्दल बोलावं तसे ते बोलले. नोएलीने टेबलाची कड धरली. आता बोलायचं तर आता. तोंड उघडलं असतं तर पिशवी, पंखे, आई, सगळं त्या टेबलावर येऊन पडलं असतं, आणि तिला मोकळं वाटलं असतं, खूप मोकळं. ती म्हणाली, “हो, साहेब.”

टिडवेलनी खिशातून फोन काढला. बोटं उडत असल्यामुळे नंबर लागेना, तेव्हा त्यांनी फोन तिच्याकडे दिला आणि नाव सांगितलं, आणि तो तिने लावून दिला. पलीकडे कुणीतरी मोठ्याने हसलं. ते दोघे आधी बदकांच्या शिकारीबद्दल बोलले. या वर्षी पाणी कमी म्हणून बदकं उतरत नाहीत, तरी थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर जाऊन बघू. मग टिडवेल म्हणाले, “हे बघ, तुझ्याकडे तो क्रेन म्हणून पोरगा आहे ना? त्याच्याकडे एक केस आहे. डॉक्टरचा कागद आहे, सगळं कायदेशीर आहे, उगाच अडवून धरलंय... हो. आजारी आहे रे तो. इथली पोरगी आहे, तिचा भाऊ. चांगली आहे पोरगी.” थांबून, नोएलीकडे बघून: “नाव काय त्याचं?”

“विल्फ्रेड बाल्थझार.”

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पापणीसुद्धा हलली नाही. त्यांनी नाव फोनमध्ये सांगितलं, स्पेलिंगसकट, तिला विचारून विचारून. मग पुन्हा थोडी बदकं. फोन बंद. अर्ज, कलम, कचेरीतली ती सगळी बाकं, आणि हे. दोन माणसांना बदकं आवडतात म्हणून.

“झालं,” टिडवेल म्हणाले.

“फार आभारी आहे, साहेब,” नोएली म्हणाली. आणि त्यांना ते पुरेसं वाटलं नसेल असं वाटून पुन्हा म्हणाली.

आठवडाभरात क्रेनचा निरोप आला: त्याची हरकत नाही. विल्फ्रेड औषध न्यायला आला त्या दिवशी नोएलीने त्याला आपल्याकडे घेतलं नाही. नात्यातलं माणूस म्हणून तिने त्याला दुसऱ्या फार्मासिस्टच्या हवाली केलं आणि स्वतः काचेच्या मागे काउंटरवर उभी राहिली. त्याने आईच्या अंत्यविधीला घालायचा राहून गेलेला सूट घातला होता. तो त्याच्या अंगावर लोंबत होता. बाटली घेऊन तो बाहेर बसायच्या खोलीत आला आणि दम लागला म्हणून खुर्चीत टेकला. शेजारच्या खुर्चीत टिडवेल होते. नोएलीने ते आत येताना पाहिलं नव्हतं.

काच जाड होती, ऐकू काही येत नव्हतं. टिडवेल आपल्या नव्या बाटलीशी झगडत होते. ते झाकण दाबून फिरवावं लागतं, लहान मुलांना उघडता येऊ नये म्हणून. दाबलं की त्यांचा हात उडे आणि झाकण नुसतंच टकटक वाजे. दुकानात बाटली उघडायची नाही असा नियम होता. बाहेर जाऊन सांगायला हवं होतं. ती हलली नाही. विल्फ्रेडने हात पुढे केला. टिडवेलनी बाटली त्याच्याकडे दिली. विल्फ्रेडने झाकण दाबलं, फिरवलं, सैल करून ठेवलं, आणि बाटली परत दिली. टिडवेल काहीतरी बोलले. विल्फ्रेड काहीतरी बोलला. दोघं हसले. नोएलीच्या तोंडात आंबट पाणी सुटलं. ती मागच्या खोलीत गेली, बेसिनवर वाकली, आणि तिच्या पोटातून सकाळची कॉफी आली, आणि मग नुसतंच पित्त. विल्फ्रेडसारखं ‘देवा’ म्हणायलाही तिला सुचलं नाही.

ती त्याला घरी सोडायला निघाली तेव्हा ऊन कलतं होतं. वाटेत पेट्रोलपंपावर गरम बुदां विकत होते, भात आणि डुकराचं मांस भरलेली जाड सॉसेजं. विल्फ्रेड म्हणाला, थांब. औषध त्याने गाडीत बसल्या बसल्या जिभेखाली धरलं होतं, आणि अर्ध्या तासाने त्याला पहिल्यांदाच, कित्येक महिन्यांनी, कसला तरी वास हवासा वाटत होता. तिने दोन आणली, कागदात गुंडाळून. तो खाऊ लागला. कातडी दाताने ओढून काढायची, आतला भात ओठांनी ओढायचा, लहानपणी खायचा तसं. चरबी त्याच्या हनुवटीवरून सुटावर ठिबकली. तो थांबला नाही. ओकेल, आता ओकेल, म्हणून नोएलीने त्याच्याजवळची काच खाली केली. तो ओकला नाही.

“काय बोलत होतास त्याच्याशी?” तिने शेवटी विचारलं.

“कुणाशी? त्याच्याशी?” विल्फ्रेडने बोट चाटलं. “तो म्हणाला, थँक यू, नाव काय तुमचं. मी सांगितलं. पूर्ण सांगितलं. विल्फ्रेड बाल्थझार. त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं.”

“मग?”

“म्हणाला, छान नाव आहे. फ्रेंच का?”

रस्त्यावरून उसाचा एक ट्रक गेला, गाडी हलली. नोएलीने स्टिअरिंगवरचे हात काढले आणि मांडीवर ठेवले. तिचं बुदां कागदात तसंच होतं, थंड होत चाललेलं. कागदाला तेलाचा डाग पडून पलीकडचं दिसत होतं. तिला वाटलं, तो आता काहीतरी म्हणेल. त्याच्या चेहऱ्यावर तिने शोधलंही. पण तो तिच्या मांडीवरच्या कागदाकडे बघत होता.

“तू खाणार नाहीस ना ते?” त्याने विचारलं.

“नाही.”

“मग दे इकडे,” विल्फ्रेड म्हणाला, आणि तिने दिलं.